दाराजवळची जागा

नोकरीनिमित्त भुवनेश्वरास येऊन राहिलेली आम्ही पंधरा-वीस मराठी कुटुंबे महिन्यातून एकदा कोणाच्या तरी सरकारी निवासस्थानी जमतो, एखादा चित्रपट पाहतो आणि चहापोह्यांच्या साक्षीने त्यावर चार बरेवाईट शब्द बोलतो. परप्रांतात मोकळेपणी मराठी बोलायला मिळावे, एवढाच या जमण्याचा मूळ हेतू. रसिकता मागाहून आली. गेल्या पावसाळ्यातील अशा एका बैठकीस आमच्या कार्यालयातील एक ओडिया सद्गृहस्थ आमच्या निमंत्रणावरून आले होते. चित्रपट परदेशी होता, त्याची निवड आमची होती, आणि त्याच्या मध्यावर समुद्रकाठच्या एका गावावर वादळ येते त्याचे मोठे परिणामकारक दृश्य होते. वारा घोंघावू लागला, पाणी चढू लागले, आणि आम्ही सारे छायालेखनाचे कौतुक करीत असता ते गृहस्थ उठले व काही न बोलता व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. चित्रपट संपेपर्यंत ते आत आले नाहीत. आम्हांला वाटले, उकाडा होत असेल.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत त्यांनीच विषय काढला. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर जे महावादळ आदळले आणि ज्यात सुमारे दहा हजार माणसे दगावली, त्या वेळी ते चौदा वर्षांचे होते. घर जगतसिंहपूर जिल्ह्यात, एरसमाच्या बाजूला. समुद्राचे पाणी सर्वांत आत शिरले तो हाच भाग. धाकट्या बहिणीचा हात त्यांच्या हातात होता आणि तो सुटला. इतक्या वर्षांत कार्यालयात त्यांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. सांगताना आवाजात राग नव्हता. शेवटी हिंदीत एवढेच म्हणाले, "सिनेमाबद्दल तक्रार नाही. आधी सांगितले असते, तर दाराजवळची जागा घेतली असती."

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. पुढे काही आठवड्यांनी, चित्रपटाचा उपयोग आघातग्रस्तांच्या समूहोपचारात केला जातो असे आमच्या वाचनात आले, तेव्हा आमची पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची होती. जी वस्तू आमच्या दिवाणखान्यात एका माणसाला घराबाहेर घालवते, तीच दुसरीकडे त्याला बरे कशी करणार? या शंकेपायी आम्ही जे पाहिले व वाचले, त्याचा विचार येथे मांडीत आहो. आम्ही वैद्य नव्हे. आमचा अधिकार केवळ प्रेक्षकाचा आणि वाचकाचा आहे. परंतु चित्रपट दाखविणारा प्रत्येक जण, मग तो घरी दाखवो की संस्थेत, या प्रश्नात गुंतलेला आहे, असे आम्हांला वाटते.

आपल्या साहित्यचर्चेत दुःखाच्या दर्शनाचा प्रश्न नवा नाही. करुणरसात आनंद कसा, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शाई खर्च झाली आहे. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली: रंगभूमीवरील शोक हा ना नटाचा उरतो, ना प्रेक्षकाचा, तो व्यक्तिनिरपेक्ष होतो, म्हणून आस्वाद्य होतो. पश्चिमेकडे ॲरिस्टॉटलने विरेचनाचा सिद्धान्त सांगितला. चित्रपटाने मन 'मोकळे' होते, असे जे आपण सहज बोलतो, त्याच्या मुळाशी हीच दोन मते असतात. पण या दोन्ही मतांतील प्रेक्षक हा सुस्थित प्रेक्षक आहे, ही गोष्ट आपण विसरतो. अभिनवगुप्ताने मात्र ती विसरलेली नाही. रसास्वादाच्या आड येणारी जी विघ्ने त्याने मोजली आहेत, त्यांत प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होऊन जाणे हे एक विघ्न आहे. आमचे ओडिया मित्र त्या संध्याकाळी अरसिक झाले नव्हते. ते विवश झाले होते. पडद्यावरचे पाणी इतरांना साधारण होते, त्यांच्यापुरते ते एरसमाचे होते. अर्थात् आघातग्रस्ताला चित्रपटाने काही साहाय्य होणार असेल, तर ते रसाच्या नेहमीच्या वाटेने होणार नाही. वाट वेगळी असली पाहिजे.

ती वाट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शोधली जाऊ लागली. मनाने खचलेले सैनिक इतक्या संख्येने परत येऊ लागले की एकेका रुग्णाशी एकेका वैद्याने तासन्‌तास बोलावे, हे अशक्य झाले. इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड येथील लष्करी रुग्णालयात बायॉन, फूक्स इत्यादी वैद्यांनी सैनिकांचे गट बसवून उपचार करण्याचे प्रयोग केले. आरंभी ही केवळ काटकसर वाटली असेल. परंतु लवकरच लक्षात आले की, 'असे फक्त मलाच होते' ही जी रुग्णाची ठाम समजूत, ती वैद्याच्या आश्वासनाने जात नाही. ती शेजारी बसलेल्या दुसऱ्या रुग्णाच्या बोलण्याने जाते. अमेरिकेत याकोब मोरेनो यांनी त्याआधीच मनोनाट्याची पद्धत चालविली होती. त्यात रुग्ण स्वतःच्या आयुष्यातील प्रसंग इतरांच्या साहाय्याने रंगमंचावर करून दाखवितो. १९४४ मध्ये मोरेनो यांनी मनोनाट्य आणि उपचारक चित्रपट या विषयावर लेखही लिहिला. म्हणजे कल्पना ऐंशी वर्षांची जुनी आहे. तिचे पडद्यावर काय झाले, हे पाहण्यासाठी आम्ही दोन अनुबोधपट निवडले. त्यांच्यामध्ये पाऊण शतकाचे अंतर आहे.

पहिला आहे जॉन ह्यूस्टन यांचा 'लेट देअर बी लाइट'. अमेरिकन सैन्यासाठी, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील मेसन जनरल रुग्णालयात हा चित्रित झाला आणि १९४६ मध्ये पुरा झाला. लांबी तासाभराहून थोडी कमी. युद्धातील एकूण बाधितांपैकी सुमारे वीस टक्के मनोरुग्ण होते, असे आरंभीच सांगितले जाते, आणि मग एक तुकडी रुग्णालयात दाखल होऊन बाहेर पडेपर्यंतचा प्रवास दिसतो. एका सैनिकाचे पाय चालत नाहीत. एकाची वाचा अडखळते. एकाला आपले नावही आठवत नाही. औषधाच्या सुईने, संमोहनाने त्यांना बोलते केले जाते. एक कृष्णवर्णीय सैनिक प्रेयसीच्या छायाचित्राविषयी सांगता सांगता रडू लागतो. तो क्षण पाहताना आमच्या बैठकीतील सारे खालमानेने बसले होते, हे नमूद केले पाहिजे. नंतर वर्गात बसावे तसे सैनिक गटाने बसतात आणि बालपणाविषयी, भीतीविषयी बोलतात. शेवटी मैदानावर खेळ होतो आणि बरे झालेले सैनिक बसमध्ये बसून घरी निघतात.

या चित्रपटाचे पुढे जे झाले, ते आम्हां कारकुनांना विशेष समजेल. सैन्याने तो दाबून ठेवला. १९४६ मध्येच न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात तो दाखविला जाणार होता, तेव्हा लष्करी पोलिसांनी येऊन प्रत ताब्यात घेतली. कारण नोंदविले गेले ते असे की, रुग्ण सैनिकांच्या खाजगी जीवनावर त्यामुळे आक्रमण होते. ह्यूस्टन यांचे म्हणणे अखेरपर्यंत निराळे होते: युद्धावरून येणारा शिपाई अधिक कणखर होऊनच परततो, ही वीरकथा सैन्याला जपायची होती. १९४८ मध्ये त्याच विषयावर सैन्याने दुसरा पट काढला. त्यात खरे रुग्ण नव्हते, नट होते, आणि कृष्णवर्णीय सैनिक गाळले होते. मूळ चित्रपट सर्वांसाठी खुला झाला तो डिसेंबर १९८० मध्ये. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसंहितेच्या तिसऱ्या आवृत्तीत आघातोत्तर ताणविकाराला प्रथम स्वतंत्र नाव मिळाले. चौतीस वर्षे फाइलीत पडलेले चित्र आणि त्यातील दुखण्याचे नाव अशी दोन्ही एकाच वर्षी उजेडात आली.

फाइलीवर लिहिलेले कारण आणि खरे कारण यांत अंतर असते, हे आपणांस कोणी शिकवायला नको. तेव्हा ह्यूस्टन यांच्या बाजूने उभे राहणे सोपे आहे, आणि बहुतेक समीक्षकांनी तेच केले. आमचे मात्र येथे थोडे अडते. कारण सांगणाऱ्याचा हेतू खोटा असला म्हणून कारण खोटे ठरत नाही. औषधाच्या गुंगीत जो माणूस रडत आहे, त्याने कॅमेऱ्याला दिलेली संमती किती खरी? तो सैनिक, समोर अधिकारी, वर हुकूम. नकार द्यायला त्याला जागा कोठे होती? ज्या चित्रपटाने त्या सैनिकांच्या दुःखाला जगात प्रथम प्रतिष्ठा दिली, त्यानेच त्यांना दाराजवळची जागा ठेवली नव्हती, असे आम्हांला खेदाने म्हणावे लागते.

दुसरा दोष कलेचा आहे आणि तो पहिल्यातूनच येतो. या चित्रपटात सारे फार लवकर बरे होतात. सुई टोचली, प्रश्न विचारले, आणि लुळा माणूस उठून चालू लागला! निवेदक पुढे असेही सुचवितो की हे पाय आता चालतात, पण मूळ दुखणे अजून उरले आहे. परंतु एक वाक्य कानांवरून जाते आणि चालणारे पाय डोळ्यांत राहतात. चित्रपट ही चमत्काराकडे झुकणारी कला आहे. दोन दृश्ये एकापुढे एक जोडली की मधले महिने नाहीसे होतात. आघाताच्या उपचारात ते मधले महिने हाच तर खरा उपचार असतो! जुडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात या प्रवासाचे तीन टप्पे सांगितले आहेत: आधी सुरक्षितता, मग स्मरण आणि शोक, मग जगाशी पुन्हा नाते. ह्यूस्टन यांचा पट पहिल्या टप्प्याला वेळच देत नाही. तो थेट स्मरणाला हात घालतो, कारण स्मरण हे दृश्य आहे आणि सुरक्षितता ही दृश्य नाही.

आता दुसरा चित्रपट पाहू. रॉबर्ट ग्रीन यांचा 'प्रोसेशन' २०२१ साली आला. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या परिसरातील सहा प्रौढ पुरुष हे त्याचे नायक. बालपणी कॅथॉलिक धर्मगुरूंनी त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केले. २०१८ मध्ये त्यांतील काहींनी आपल्या वकील बाईंसह वार्ताहरांपुढे तोंड उघडले. ते पाहून ग्रीन यांनी त्यांच्याशी संपर्क साधला. प्रस्ताव असा होता: एका नाट्योपचारतज्ज्ञ बाईंच्या देखरेखीखाली या सहा जणांनी आपापल्या स्मृतीवर एकेक प्रसंग स्वतः लिहावा, स्वतः उभा करावा, आणि एकमेकांच्या प्रसंगांत भूमिका कराव्यात. हे काम सुमारे तीन वर्षे चालले. अत्याचार स्वतः पडद्यावर दाखविलेला नाही. जे दिसते ते पुष्कळसे काम आहे: जागा शोधणे, पोशाख निवडणे, वेदी उभारणे, संवाद खोडणे. त्यांतील एकाचा व्यवसायच चित्रीकरणासाठी जागा हुडकण्याचा. तळ्याकाठच्या ज्या घरात बालपण नासले, त्याचा शोध घेत हे लोक गाडीतून फिरतात. न्यायालयीन अडचणीमुळे एकाला स्वतःचा प्रसंग करता येत नाही. तो इतरांच्या प्रसंगांत उभा राहतो, प्रसंगी धर्मगुरूचा झगाही अंगावर घालतो.

हा झगा घालण्याचा प्रकार आम्हांला या चित्रपटाचा गाभा वाटतो. ज्या वेषाची आयुष्यभर धास्ती घेतली, तो वेष मित्राच्या उपयोगासाठी अंगावर घ्यायचा, आणि दृश्य संपल्यावर तो काढून ठेवायचा. धर्मगुरूच्या अंगावर असताना तो वेष म्हणजे सत्ता होती. येथे तो कापड आहे, बटणे आहेत, कोणीतरी इस्त्री केलेली आहे. चित्रपटाच्या कारखान्यात प्रत्येक भयाचे सामानात रूपांतर होते. खोली म्हणजे तीन भिंती, प्रकाश म्हणजे दिवा, आणि दिग्दर्शकाने थांबा म्हटले की सारे थांबते. लहानपणी ज्याला 'थांबा' म्हणता आले नाही, त्याला येथे तो शब्द मिळतो, आणि तो शब्द मानलाही जातो. स्मृतीची पुनरावृत्ती तर आघातग्रस्ताच्या स्वप्नात रोज होतच असते. त्या पुनरावृत्तीवर त्याची सत्ता नसते, हेच दुखणे. मोरेनो यांच्या मनोनाट्याला चित्रपटाने घातलेली भर ती हीच: दृश्य पुन्हा घेता येते, कापता येते, आणि संकलनाच्या मेजावर बसून, बाहेरून, दुसऱ्या कोणाचे असावे तसे पाहता येते. साधारणीकरण येथे आयते मिळत नाही. ते हातांनी, श्रमाने, सहा जणांच्या सोबतीने करावे लागते. अभिनवगुप्ताने सांगितलेले विघ्न येथे टाळलेले नाही, हळूहळू ओलांडलेले आहे.

तरीही या चित्रपटाविषयी आमचे दोन आक्षेप आहेत. प्रत्येक प्रसंगातील बालक एकाच लहान मुलाने उभे केले आहे. मोठ्यांच्या जखमा भरण्यासाठी एका मुलाला तो काळोख, खोटा का होईना, अंगावर घ्यायला लावावा का? चित्रपट ही काळजी लपवीत नाही. ते पुरुष त्या मुलाशी ज्या मायेने वागतात, त्यात तिचे उत्तर शोधू पाहतो. आमचे पूर्ण समाधान झाले नाही. दुसरा आक्षेप आमच्याच विरुद्ध आहे. त्या सहा जणांना जे मिळाले ते करण्याने मिळाले. आम्ही घरी बसून केवळ पाहिले. आम्हांला जे वाटले त्याला उपचार म्हणणे हे दुसऱ्याच्या उपासाचे पुण्य आपल्या खात्यावर लिहिण्यासारखे आहे. आणि सहा माणसांच्या अनुभवावरून सर्वांसाठी नियम निघत नाही, हेही उघड आहे.

येथे मराठीतील एका उद्योगाचे स्मरण होते. पुण्याच्या सुमित्रा भावे या मूळच्या समाजकार्याच्या अध्यापिका आणि संशोधक. झोपडपट्टीतील स्त्रियांच्या आत्मप्रतिमेचा अभ्यास करताना त्यांना जाणवले की, ज्यांच्याविषयी हा अभ्यास, त्यांच्यापर्यंत छापील अहवाल पोचणार नाही. त्यातून १९८५ मध्ये 'बाई' हा त्यांचा पहिला लघुपट झाला. दुःख ज्याचे, चित्रही प्रथम त्यालाच परत गेले पाहिजे, ही दृष्टी त्यामागे होती. पुढे सुनील सुकथनकर यांच्यासह त्यांनी 'देवराई' (२००४) आणि 'कासव' हे चित्रपट केले. 'कासव'ला २०१६ या वर्षाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. त्याचे निर्माते आणि त्यातील एक नट मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. मनाच्या आजारांवरचा चित्रपट दाखवून त्यानंतर प्रेक्षकांशी बोलत बसायचे, हे त्यांनी अनेक वर्षे चालविलेले काम आहे. त्याला समूहोपचार म्हणता येणार नाही. पण पडदा काळा झाला की काम संपले असे न मानणे, ही उपचाराचीच शिस्त होय.

'कासव'मध्ये आयुष्याला विटलेला एक तरुण जानकी नावाच्या स्त्रीच्या आश्रयाला येतो. ती स्वतःही नैराश्यातून वाट काढीत आहे. ती त्याला खोदून विचारीत नाही. जेवायला वाढते, जागा देते, वाट पाहते. ह्यूस्टन यांच्या वैद्यांची सुई आणि जानकीचे मौन यांची तुलना करताच हर्मन यांचा पहिला टप्पा म्हणजे काय ते कळते. जी सुरक्षितता दृश्य नाही असे आम्ही वर म्हटले, ती दाखविण्याची भाषा या मराठी चित्रपटाला सापडली आहे. तो कोकण किनाऱ्यावर घडतो, पण ऋषिकुल्येच्या मुखाशी हजारो कासवे अंडी घालायला येतात त्या ओडिशात तो पाहताना आम्हांला परके असे काहीच वाटले नाही.

या साऱ्यातून आमच्यासारख्या सामान्य प्रेक्षकाने काय घ्यावे? पहिली गोष्ट ही की चित्रपट स्वतः औषध नव्हे. औषध असेलच तर ते समूहात, वेळेत आणि जाणत्या उपचारकाच्या हातात आहे. चित्रपट हे त्याचे अनुपान. दुसरी ही की एका बैठकीत सारे ओकून टाकले म्हणजे मन हलके होते, ही समजूत टिकलेली नाही. आपत्तीनंतर लगेच माणसांना एकत्र बसवून एकदाच सारे बोलायला लावण्याची पद्धत वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये सांगितले आहे. विरेचनाचा सिद्धान्त नाट्यगृहात शोभतो. पूरग्रस्तांच्या छावणीत तो धोक्याचा आहे. आणि तिसरी, जी आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते: ज्याचे दुःख, त्याच्या हाती सूत्र हवे. पाहायचे की नाही, किती पाहायचे, मध्येच उठायचे की नाही, नंतर बोलायचे की गप्प बसायचे, हे त्याने ठरवावे. 'लेट देअर बी लाइट' आणि 'प्रोसेशन' यांतील फरक कलागुणांचा नाही; ह्यूस्टन हे मोठेच दिग्दर्शक होते. फरक या सूत्राचा आहे.

आपण बदलीच्या गावी राहणारी माणसे. शेजारच्या घराचा इतिहास आपल्याला ठाऊक नसतो. कार्यालयात पलीकडच्या मेजावर बसणाऱ्याच्या आयुष्यात कोणते वादळ, कोणता दंगा, कोणता भूकंप होऊन गेला, हे सेवापुस्तिकेत लिहिलेले नसते. म्हणून ही काळजी आपण अधिक घेतली पाहिजे. तज्ज्ञाचे काम तज्ज्ञाने करावे. आपल्याकडून एवढेच व्हावे की, आपल्या करमणुकीने कोणाची जखम उघडी पडू नये, आणि पडलीच तर तो व्हरांड्यात एकटा उभा राहू नये.

गेल्या महिन्याच्या बैठकीत आम्ही 'कासव' दाखविला, इंग्रजी उपशीर्षकांसह. कथा काय आहे, त्यात आत्महत्येच्या प्रयत्नाचा प्रसंग आहे, हे आधीच सर्वांना सांगितले. दिवे पूर्ण मालविले नाहीत. दाराजवळ चार खुर्च्या मुद्दाम ठेवल्या, आणि त्या कोणासाठी हे कोणाला विचारले नाही. आमचे ओडिया मित्र पुन्हा आले, हेच आम्हांला पुष्कळ होते. त्यांनी त्यांतील एक खुर्ची घेतली. मध्यंतरी ते एकदा बाहेर गेले. आमच्या मंडळींपैकी एक वयस्क बाई, पाणी प्यायचे निमित्त करून, त्यांच्या पाठोपाठ गेल्या. थोड्या वेळाने दोघेही आत आले. चित्रपटानंतरच्या बोलण्यात त्यांनी भाग घेतला नाही, आणि आम्हीही आग्रह केला नाही. जाताना मात्र ते विचारून गेले की, पुढच्या महिन्यात कोणता चित्रपट आहे.